इलिझीचा श्रीमंत खडक

बूमेर्देसच्या आमच्या प्रयोगशाळेत तेलाच्या विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा भट्टीत तापवतात. तापताना त्यातून किती तेल आणि वायू सुटतो, त्यावरून खडकाच्या पोटात काय आहे ते कळतं. दूर वाळवंटात, इलिझीकडच्या गेल्या वर्षीच्या एका विहिरीचा चुरा मी तापवला, तर आकडे इतके चढे आले की साहेबांनी अख्ख्या मजल्याला मिठाई म्हणून मकरूट वाटले. माझ्या सहीनं अहवाल गेला, शेजारीच नवी विहीर खणायचं ठरलं आणि आधीच्या विहिरीवरचं काम संपल्यापासून आठ महिने घरी बसलेल्या माझ्या भावाला, मोकरानला, तिथं काम लागलं.

तो निघायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही कुसकुस खात होतो. स्वारी खुशीत होती.

"पाइप खाली अडकला ना, तासादितताई, की आम्ही सरळ डिझेल ओततो. सुटतो लगेच. कामाच्या वहीत मात्र लिहायचं नाही. लिहिलं की साहेब लोक डोकं खातात."

"मागच्या विहिरीतही ओतलंत?"

"पिंपंच्या पिंपं. मीच तर ओतत होतो."

चुऱ्यासोबत आलेल्या वहीत डिझेलची नोंद नव्हती, म्हणून मी चुरा नुसत्या पाण्यानं धुतला होता. दुसऱ्याच दिवशी उरलेला चुरा रसायनात भिजत घातला, नीट धुऊन पुन्हा तापवला. खडक भिकारडा निघाला. मी डिझेलच मोजलं होतं.

अहवाल मागे घ्यायला एक कागद पुरला असता. पण नोकरी लागली म्हणूनच मुलीकडच्यांनी मोकरानला होकार दिला होता. विहीर कोरडी निघाली तर कंपनीचं नुकसान, आपलं काय जातंय, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मी भित्री होते, दुसरं काही नाही.

पाचव्या आठवड्यात वरून निसटलेला पाइप त्याच्या छातीवर पडला. विहीर तेव्हा त्या खडकापर्यंत पोचलीही नव्हती.

मोकरानच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी आलेली माणसं पांगल्यावर आईनं मला जवळ बसवलं.

"तिथं तेल आहे ना गं?"

"आहे, आई."

"मग पोर अगदीच फुकट नाही गेलं." तिनं डोळे पुसले. "युबाला त्याच्या जागी घेतायत. मी नकोच म्हणणार होते. पण तेल आहे म्हणतेस, तर भावाचं अर्धं राहिलेलं काम करू दे त्याला."

युबा, आमचा धाकटा, आतल्या खोलीत बॅग भरत होता.

"तिथं काही नाही, आई," मी म्हणाले. "नुसता दगड आहे. माझा आकडा चुकला होता."

"तुला कधी कळलं?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं.

"मोकरान निघायच्या आधी."

आईनं युबाला हाक मारली, बॅग रिकामी करायला सांगितली.

"आणि ती हिला दे. हिचं सामान भरायला," ती म्हणाली.