मी बिघडलो नव्हतो

त्या संध्याकाळी व्यासपीठावर पाण्याचा एक ग्लास होता, लाल कापडावर मांडलेले सात चषक होते आणि उंच मेजावर मान वाकवून उभे असलेले दोन माइक होते. डावीकडचा माइक मी. मित्रांनो, 'दोन माइक' एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

माझी रचना साधी आहे. एक पातळ पडदा, त्याला जोडलेलं तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. कुणी बोललं की हवा हलते, पडदा थरथरतो आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. बस्स. कुठली भाषा मोठी आणि कुठली धाकटी, हे माझ्या पडद्याला कळत नाही. ते माणसांना कळतं म्हणे.

सिंगापूरच्या एका चिनी वाहिनीने मला विकत घेतलं. दरवर्षी तिथे मालिकांतल्या कलावंतांना बक्षिसं देतात. माझ्यापाशी येऊन नायिका रडल्या, नायकांनी निर्मात्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. माझं कौतुक कुणी केलं नाही. चांगल्या माइकची आठवण कुणाला होत नाही, हेच त्याचं कौतुक असतं. मला त्यात आनंद होता.

मग न्यो ग्वेक चेंगचं वर्ष आलं. तिने उभी हयात सासू, मोलकरीण आणि कोळीण यांच्या भूमिकांत घालवली होती. त्या वर्षी तिला सहायक अभिनेत्रीचं बक्षीस मिळणार, अशी कुजबुज होती. तिची आई पूर्वी तांदळाच्या पेजेची गाडी चालवायची. म्हातारीला तेओच्यू ही एकच बोली येत होती. आणि त्या काळी टीव्हीवर चिनी म्हणजे फक्त मँडरिन, बाकी बोलींना बंदी. लेकीची एकही मालिका म्हातारीने चुकवली नाही, आणि त्यातलं एक अक्षर तिला कळलं नाही.

तालमीच्या वेळी ग्वेक चेंग ध्वनी सांभाळणाऱ्या लेंगला म्हणाली, "बक्षीस मिळालंच, तर शेवटचं वाक्य आईच्या बोलीत बोलणार आहे मी."

"आंटी, क्वेकसाहेबांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं!"

तिला बक्षीस मिळालं. तिने मँडरिनमध्ये सगळ्यांचे आभार मानले. मग माझ्याकडे झुकून ती तेओच्यूत म्हणाली, "आई, तुझ्या पेजेवर वाढले मी. हे बक्षीस तुझ्या पातेल्याचं आहे. ऐकतेस ना?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तिचा पहिलाच तेओच्यू शब्द कानावर पडताच इकडे पडद्यामागे प्रसारणप्रमुख क्वेक ओरडले होते, "लेंग, आवाज बंद कर!"

"साहेब, एकच वाक्य..."

"नियम काय तुझ्या मामाने केलेत? बंद कर म्हणतो ना!"

लेंगने बटण खाली ओढलं. सभागृहाला सगळं ऐकू गेलं, पण घराघरांतल्या टीव्हीवर तिचे फक्त ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी क्वेकसाहेबांनी वर्तमानपत्रांना सांगितलं, "माइकमध्ये बिघाड झाला."

माझ्यात! मित्रांनो, मेजावर माइक दोन होते. दोघे एकाच क्षणी बिघडले आणि पुढच्या निवेदकासाठी एकाच क्षणी बरे झाले? सभागृहाला आवाज गेला तो काय खिडकीतून? हा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही. माझ्या मानेला पिवळी पट्टी चिकटवली, तिच्यावर 'बिघडलेला' असं लिहिलं आणि मला खणात टाकलं. उजवीकडचा माझा जोडीदार मात्र कामावर राहिला. खोट्याला एकच बळी पुरेसा होता.

आठवडाभराने ग्वेक चेंग लेंगच्या ध्वनिकक्षात आली. लेंगची मान वर होईना.

"तुझ्यावर राग नाही रे माझा," ती म्हणाली. "पण आईने मजल्यावरच्या सगळ्या शेजारणी गोळा केल्या होत्या. टीव्हीला चपलेने बडवत होती, 'मेल्या, आत्ताच मरायचं होतं तुला?' आणि ती समोरची तोंडाळ म्हणते कशी, 'अगं बाई, तुझी लेक मुकी झाली की!'"

"आंटी, तुम्ही घरी गेल्यावर सांगितलंत ना त्यांना?"

"घरी रोजच सांगते. तिला चारचौघींत ऐकायचं होतं."

मी खणात होतो. माझा पडदा तिच्या आवाजाने थरथरला, पण तार कुठेच जोडलेली नव्हती.

त्यानंतरची वर्षं मी अंधारात काढली. राग गंजत नाही, हे मला तिथे समजलं. मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादं माणूस बिघडलंय असं कुणी सांगितलं, तर पट्टीवरचं वाचून मान डोलावू नका. तार जोडा. तपासा. आणि कुणाचा आवाज बंद केलात, तर तो आपण बंद केला, एवढं म्हणण्याची हिंमत ठेवा.

लेंग निवृत्त व्हायच्या दिवसांत ग्वेक चेंग त्याला भेटायला आली. तिची आई तोवर गेली होती. लेंगने खण उघडला, पट्टी सोलून काढली आणि मला आवाज मोजणाऱ्या मापकाला जोडलं.

"आंटी, एक वाक्य बोला. आधी मँडरिनमध्ये, मग तुमच्या बोलीत. अंतर तेवढंच ठेवा, आवाजही तेवढाच."

"काय बोलू?"

"काहीही."

ती माझ्याकडे झुकली. "आई, ऐकतेस ना?" ती म्हणाली. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

लेंगने काटा वाचला. मँडरिन : ऐंशी. तेओच्यू : ऐंशी.