निघालो म्हण

आमची रात्र संध्याकाळी सातला सुरू व्हायची आणि नऊला आटपायची. हल्लीच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. हसू देत. तेव्हा नऊनंतर रस्त्यावर एकटादुकटा पुरुष दिसला की पोलीस विचारायचे, कुठून आलास, आणि खरं उत्तर दिलं तर कायद्याने सात वर्षं आत. सात वाजता मात्र कोणीही क्लासला जाऊ शकतो. म्हणून आम्ही टायपिंगच्या क्लासला जायचो.

क्लास खराच होता. पहिल्या मजल्यावर पुढची खोली, तीत आठ मशीन आणि भिंतीवर कुठलं बोट कुठल्या अक्षरावर त्याचा तक्ता. दिवसभर खरी मुलंमुली शिकायची. गुरुवारी सातची बॅच फक्त नोकरी करणाऱ्या पुरुषांची, असं पाटीवरच लिहिलं होतं. मागच्या खोलीत कपाटं भिंतीला सरकवली की नाचण्यापुरती जागा व्हायची. टेपचा आवाज खाली जाऊ नये म्हणून पुढे दोघांनी सतत मशीन बडवत बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी माणसं बदलायची. आज पहिली पाळी कोणाची, असं कोणीतरी विचारायचंच, आणि दर गुरुवारी त्याच जोकवर तोच हशा. मी तर इतकी वर्षं बडवून एका बोटानेच टाइप करायला शिकलो.

आत सगळ्या बायका. म्हणजे कपडे ऑफिसचेच, बुटाच्या नाड्यासुद्धा सुटलेल्या नसायच्या. बदलायचं ते फक्त क्रियापद. मी आले, मी दमले, आज साहेबाला चांगली बोलले. दिवसभर घरीदारी 'आलो, गेलो' करून जीभ आंबलेली असायची, ती तिथे मोकळी सुटायची. तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालत होतो का, असं विचाराल तर हो, तेवढ्यासाठीच.

आणि म्हणूनच दारात आत्या. आत्या म्हणजे पन्नाशीचा, झुबकेदार मिशांचा सलूनवाला. येताना तो प्रत्येकाच्या हनुवटीवरून हात फिरवून म्हणायचा, काय गं सटवे, दाढी कोणाकडे करतेस, माझ्याकडे ये. जाताना मात्र जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहायचा आणि म्हणायचा, "म्हण." आपण म्हणायचं, "मी निघालो." चुकून 'निघाले' आलं की परत आत, दहा मिनिटं गप्प बसायचं, मग पुन्हा परीक्षा. कोणालाच सूट नव्हती, क्लासच्या मालकालासुद्धा. जीभ वळली नसेल तर खाली उतरायचं नाही.

एकदा मीच तीनदा नापास झालो, तेव्हा आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की, फारच घाबरलास तर 'पाहिलं', 'घेतलं', 'ओळखत नाही' असलं काहीतरी बोल. मी चहा घेतला. मी काही पाहिलं नाही. त्यात बोलणारा बोलतोय की बोलणारी, ते देवालासुद्धा कळत नाही. मला तेव्हा त्याची फार गंमत वाटली होती.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचो. मालक बंद करायच्या वेळी हमखास एक काच पुढ्यात टाकायचा, त्यामुळे क्लासला मला नेहमी सव्वासात होत. कंपाउंडर तोपर्यंत मागच्या खोलीत खिडकीशी उभा. दिवसभर डॉक्टरांकडे बाटल्या भरणारा, हाताला स्पिरिटचा वास, चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी आत गेलो की तो माझ्या कानाशी येऊन एकच वाक्य म्हणायचा, "मी वाट बघत होते." दोन वर्षं, दर गुरुवारी. मग आम्ही नाचायचो, म्हणजे एकमेकांच्या पायावर पाय द्यायचो. माझा त्याच्यावर जीव होता. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

घरी मी ताईकडे राहायचो. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचा नवरा, म्हणजे भावोजी, पोलिसात जमादार. आता म्हणाल, वाघाच्या घरात राहून तू असले धंदे करत होतास? तर हो, करत होतो. दुसरं घर नव्हतं.

एका गुरुवारी घरी आलो तर ताईने ताट वाढलेलं. मला भूक नव्हती, क्लासमध्ये कोणीतरी वाढदिवसाचं खायला आणलं होतं. मी चपला काढता काढता म्हणालो, "नको गं ताई, मी जेवून आले."

भावोजींचा घास हातात थांबला.  मी उजव्या पायातली चप्पल काढून पुन्हा घातली, एवढं आठवतं. ताई मोठ्याने हसली. म्हणाली, माझ्याच कडेवर बोलायला शिकला हा, लहानपणी सगळं माझ्यासारखंच बोलायचा, मी आले, मी गेले, अजून दमला की तसंच येतं तोंडात. भावोजी म्हणाले, बरं. आणि जेवायला लागले.

त्यानंतर ते माझ्याशी फार गोड बोलायला लागले. क्लास कसा चाललाय. मिनिटाला किती शब्द होतात. बॅचमध्ये कोण कोण असतं, आपल्या ओळखीचं आहे का कोणी. रोज एकच प्रश्न, सहज, दाढी करता करता. माझी झोप उडाली. उशी तोंडात कोंबून पडायचो, झोपेत काही बोललो तर? दुकानात घासताना चार काचा वाया गेल्या, मालकाने आईबाप काढले.

क्लासला जाणं मी बंद केलं. पण त्यांना सावध कसं करायचं? चिठ्ठी लिहायची हिंमत नव्हती, फोन करायची त्याहून नव्हती. एकदा पोटदुखीचं निमित्त करून डॉक्टरांकडे गेलो. बाकावर एक हवालदार खोकत बसला होता. त्याला खरंच खोकला होता की तो माझ्यासाठी बसवलेला होता, देव जाणे. कंपाउंडरने खिडकीतून बाटली दिली, माझ्याकडे बघत राहिला. मी बाटली घेतली आणि तोंड फिरवून बाहेर पडलो. एक वाक्य बोलायचं होतं, तिकडे येऊ नकोस, बस. ते तसंच घरी घेऊन आलो.

चौथ्या गुरुवारी भावोजी गणवेश चढवून माझ्या दुकानाच्या दारात हजर. मालकाला म्हणाले, आज याला लवकर सोडा, क्लास बुडतोय त्याचा. वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही. क्लासला मात्र नेलं नाही. समोरच्या चपलांच्या दुकानाच्या छपराखाली आम्ही उभे राहिलो. दोन शिपाई आधीच तिथे. वरून मशीनची खडखड ऐकू येत होती. मी मनात म्हणत होतो, थांबू नका, बडवत राहा. भावोजींना मी विचारलं, घरी जाऊया का. ते म्हणाले, थांब, संपू दे की क्लास.

नऊला खडखड थांबली आणि एकेकजण उतरायला लागला. भावोजी मला तसंच धरून पुढे व्हायचे आणि प्रत्येकाला हसून विचारायचे, काय, सुटला का क्लास? पहिला म्हणाला, हो साहेब, निघालो. दुसरा म्हणाला, आत्ताच सुटलो. क्लासचा मालक म्हणाला, दमलो बुवा. प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होतो आणि प्रत्येक 'लो' ऐकला की माझ्या छातीतला श्वास सुटत होता. मग आत्या आला, मिशीला पीळ देत, आणि असा खणखणीत 'निघालो' म्हणाला की एक शिपाई उगाच ताठ झाला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. भावोजींच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, वाचलो.

कंपाउंडर सगळ्यांत शेवटी उतरला. वर त्यानेही 'निघालो' बरोबरच म्हटलं असणार, त्याचं कधी चुकायचं नाही. पण खाली त्याला मी दिसलो. चार आठवड्यांनी. माझ्या मागचा गणवेश, खांद्यावरचा हात, त्याने काहीसुद्धा पाहिलं नाही. चेहरा उजळला त्याचा, आणि तो सरळ माझ्याकडे आला.

"आलास? मी वाट बघत होते."

 मग त्याला गणवेश दिसला. त्याने तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडला होता.

भावोजींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. शांतपणे विचारलं, "हा तुझ्या ओळखीचा आहे?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. ताईसाठी ते मला सोडणार होते, पण हात हलवत परत जाणार नव्हते. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कंपाउंडर माझ्याकडे बघत होता. मानेनेच त्याने 'नाही' म्हण असं सांगितलं की ती नुसतीच थरथरली, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.  आणि त्या भीतीत आत्याची शिकवण बरोबर वेळेवर आठवली.

"मी ओळखत नाही."

शिपायांनी त्याला दोन्ही दंडांना धरून नेलं. भावोजी मला म्हणाले, तू घरी जा, ताई जेवायची थांबली असेल. मी गेलो. जेवलोसुद्धा.

पुरावा म्हणून एक क्रियापदच, त्यामुळे त्याला सातऐवजी दीडच वर्ष ठेवलं. डॉक्टरांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. सुटल्यावर तो शहर सोडून गेला, एवढंच आत्याकडून कळलं, आणि तेही आत्याने माझी दाढी करताना, वस्तरा गळ्यावर असताना सांगितलं. त्यानंतर आत्या माझ्याशी बोलला नाही.

आता तो कायदा गेला. भावोजी गेले, ताईही गेली. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि त्याच फुटपाथवर पोरं हातात हात घालून फिरतात, मोठमोठ्याने 'आले गं, आले' म्हणतात. मला ते ऐकून आधी घामच फुटतो, मग बरं वाटतं. त्यांच्यातलाच एकजण परवा चष्मा करायला आला होता. सहज विचारलं त्याने, काका, तुमचं कोणी होतं का हो तेव्हा?

मी काच दिव्यासमोर धरली, पुसली, पुन्हा धरली. आता कोणाची भीती होती? तरी तोंडातून आलं ते असं, की मी असं काही पाहिलं नाही.