सतरा नंबरचा बिल्ला

फळीवर बुटांचा एकच जोड उरला होता. तपकिरी, टाचा झिजलेले, नाड्या आत नीट गुंडाळून ठेवलेल्या. तंबूकाका हातातला झाडू तसाच धरून त्या जोडाकडे बघत राहिले. मग त्यांनी फळीवरचा आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सतरा.

"अगं, सतरा नंबरच्या बाई काल घरी गेल्या ना?"

"गेल्या की," काकी आतून म्हणाल्या. "चहा पिऊन गेल्या. म्हणाल्या, यंदा बेटावर मुंग्यांनी नुसता उच्छाद मांडलाय."

मुंग्यांचा उच्छाद मागच्या वर्षीचा. चहाही मागच्या वर्षीचाच.

काका धावत धक्क्यावर आले. समोर सरोवर पसरलं होतं, समुद्राची धाकटी बहीण शोभेल असं. एरवी हवा स्वच्छ असली की पल्याडचं बेट काजळाच्या रेघेसारखं दिसायचं. आज लाटांनी ती रेघ पुसून टाकली होती. वारा असा की धक्क्याच्या फळ्या दात वाजवत होत्या.

त्या बेटावर ना घर, ना रस्ता, सगळं राखीव रान. जायचं ते लाँचनं, राहायचं ते आपल्या तंबूत. जाणारे आदल्या दिवशी काकांच्या आवारात मुक्काम करत. सकाळी गावातले बूट फळीवर काढून ठेवायचे, रानातले जाड बूट चढवायचे आणि काकींकडून आपला नंबर घ्यायचा. काकी त्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला भिंतीवरच्या पाटीवर, खालच्या खुंटीला लावत. खालची ओळ म्हणजे बेटावर गेलेले, वरची म्हणजे परत आलेले. तीस वर्षं हे काम काकींचं. बिल्ला लावताना त्या स्वतःशीच गुणगुणत,

*पाण्याला सांगते बाई, नेलेलं माघारी आण,*
*बिल्ला माझा खुंटीवरी, वाटेला लागलं ध्यान.*

आणि पाण्यानंही तीस वर्षं त्यांचा शब्द मोडला नव्हता.

या उन्हाळ्यात मात्र काकींच्या हातून गोष्टी निसटू लागल्या. चहात दोनदा साखर पडे, कधी पडतच नसे. लेकीच्या नावानं त्या शेजारणीला हाक मारत. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी काकी आत गेल्या की ते गुपचूप फळीवरचे बूट आणि खुंटीवरचे बिल्ले ताडून बघत. चुकलेला बिल्ला हलक्या हातानं जागेवर लावून टाकत.

काल हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळच्या खेपेला झुंडच्या झुंड उतरली. कुणाची पथारी ओली, कुणाचं तंबूचं कापड फाटलेलं. त्या गडबडीत काकांना बूट बघायला सवड झाली नाही. दुपारी बेटावरून लाँचवाला वायरलेसवर ओरडला होता, "काका, वारा उठलाय! माझ्याजवळ तिघं आहेत. आणखी कुणी राहिलंय का? नसेल तर चारची वाट नाही बघत, आत्ताच निघतो!"

काकांनी पाटीकडे पाहिलं. त्या तिघांचे बिल्ले खाली, बाकी झाडून सगळे वर.

"नीघ बाबा," ते म्हणाले होते.

बाईंचा तंबू बेटाच्या मागल्या अंगाला असायचा, धक्क्यापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. निवृत्त शिक्षिका, एकटा जीव, घड्याळाच्या पक्क्या. चारला दहा कमी असताना त्या धक्क्यावर पोचल्या असणार. आणि समोर नुसतं पाणी.

लाँचवाला आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, काल तुम्हीच म्हणालात नीघ म्हणून."

"म्हणालो."

"या लाटांत लाँच घातली तर बाई राहतील तिथं, आणि आपण जाऊ तळाशी माशांची शाळा घ्यायला." बोलून झाल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही. त्यानं टोपी काढली. "वनखात्याच्या कचेरीला कळवा. त्यांची मोठी बोट आहे."

कचेरी सरोवराच्या दुसऱ्या टोकाला. तिथले साहेब वायरलेसवर म्हणाले, "लाट बसल्याशिवाय आमचीही बोट सुटणार नाही. बिल्ला वर कुणी लावला?"

काकांनी आत पाहिलं. काकी खिडकीशी बसून एकेक बिल्ला पदरानं पुसत होत्या. लख्ख करून ठेवत होत्या, पुढच्या हंगामासाठी.

"मी," काका म्हणाले.

दिवसभर त्यांनी काठावर ओला पाला जाळला. धूर दिसला तर बाईंना कळेल, आपली आठवण आहे कुणाला तरी. दुसऱ्या दिवशी वारा क्षणभर दमला तेव्हा पल्याड धुराचा एक धागा दिसला. काका लहान पोरासारखे ओरडले, "अगं ए, बघ! आहेत, बाई आहेत!"

काकी बाहेर आल्या. "कोण हो?"

"कुणी नाही. थंडी आहे, आत जा."

तिसऱ्या दिवशी धागा दिसला नाही. काका पाला जाळत राहिले, डोळे चुरचुरत राहिले. बाईंजवळ शिधा किती असेल? एका दिवसाचा जास्तीचा? काड्या भिजल्या असतील का? सरोवराला हात जोडून झाले, शिव्या देऊन झाल्या. पाणी कुणाचं ऐकतं!

चौथ्या सकाळी वारा पडला. कचेरीची बोट परस्पर बेटावर गेली आणि दुपारी काकांच्या धक्क्याला लागली. बाईंना घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ फुटलेले, पाय सुजून भोपळ्यासारखे. पण डोळे उघडे होते. काका तिथंच फळ्यांवर बसले.

काकी मात्र लगबगीनं आल्या, हातात तपकिरी बूट. "अगं बाई, हे विसरूनच चालला होतात की!" त्या वाकल्या आणि तो सुजलेला पाय बुटात बसवू लागल्या. बसेना. "पाय मोठे झाले का हो तुमचे?" त्या काळजीनं म्हणाल्या.

बाई हसायला गेल्या, ओठातून रक्त आलं.

साहेबांनी वही काढली. "तर काका, बिल्ला तुम्ही वर लावलात."

"हो."

काकी ताठ झाल्या. "खोटं कशाला बोलताय, अहो? बिल्ले मी लावते. तीस वर्षं मीच लावते. यांना कुठलं जमतंय!"

लाँचवाला उगाच दोराची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

"मग काकी," साहेब सावकाश म्हणाले, "या बाई त्या दिवशी परत आल्या होत्या?"

"आल्या की! चहा प्यायल्या. मुंग्यांचं बोलल्या माझ्याशी. विचारा त्यांनाच."

सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी घोंगडीतून हात काढून काकींच्या मनगटावर ठेवला.

"बोललो ना आपण," त्या म्हणाल्या. "चहा छान झाला होता."

साहेबांनी काकींकडे पाहिलं, मग काकांकडे. वही मिटली. बाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. साहेब मागे थांबले. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "पुढच्या हंगामापासून नोंद कचेरीत होईल. पाटी मला न्यावी लागेल, काका. माझा इलाज नाही."

"न्या," काका म्हणाले. त्यांचा तरी कुठं इलाज होता.

पाटी निघाली. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन उरला. काकी ओटीत बिल्ले घेऊन त्या चौकोनासमोर उभ्या होत्या. हात वर गेला, खुंटी शोधू लागला, मिळेना.

"अहो," त्या वळल्या. आवाज हरवल्यासारखा. "आता मी लावू कुठं?"

काकांनी दोन्ही हात पुढं केले आणि बोटं ताठ केली.

काकींनी क्षणभर पाहिलं. मग एकेक बिल्ला त्या बोटांत अडकवू लागल्या, अगदी नीट, आकडा दिसेल असा. ओठ पुटपुटत होते, पाण्याला सांगते बाई. सतरा नंबर हातात आला तशा थांबल्या.

"या आल्या ना हो?"

"आल्या."

"मग वर."

काकांनी करंगळी जराशी वर उचलली.