तेरा सप्टेंबरच्या आत

महादेवीला दिवस जाऊन अडीच महिने झाले होते आणि ते घरात तिघांनाच ठाऊक होतं. तिला, नवऱ्याला आणि सासूला. पण गुरुवारी सकाळी दाराच्या फटीतून पत्रक आत सरकलं आणि मल्लेशनं ते वाचायला घेतलं, तेव्हा तिला वाटलं, गावातल्या घराघरात आपली बातमी पोचलीय.

सन दोन हजार एकचा फेब्रुवारी होता. कागलच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं त्यांचं गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक दहा दिवसांवर आली होती. महादेवी बालवाडी चालवायची, दहावी शिकलेली, बोलायला सरळ. बायकांसाठी राखीव असलेल्या वॉर्डात लोकांनीच तिला उभी केली होती. समोर सयाजीचं पॅनेल होतं. पंधरा वर्षं ग्रामपंचायत त्याच्याच हातात होती, आणि एवढ्या वर्षांत त्याच्यापुढं कुणी आवाज चढवलेला नव्हता.

"‘शासनाचा नवा कायदा,’" मल्लेश वाचत होता. "‘कायद्यातले शब्द जसेच्या तसे. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणारी व्यक्ती पंचायतीचा सदस्य म्हणून राहण्यास निरर्ह असेल. तिसरे मूल होताच पद जाणार, रेशनकार्ड रद्द होणार, घरच्यांची नोकरी जाणार. अशा घराला मत म्हणजे मत वाया.’"

"निरर्ह म्हंजे?" रत्नव्वानं, त्याच्या आईनं, चुलीपासनंच विचारलं.

"नालायक. नाव कटणार." मल्लेशनं घडी घालून पत्रक खिशात कोंबलं. तो कागलच्या एमआयडीसीत तात्पुरता कामगार होता. सहा वर्षांनी आता कुठं कायम करायची यादी निघणार होती, आणि त्या यादीत त्याचं नाव होतं. 

दोन पोरं आधीच पदरात होती, सात वर्षांची मुलगी आणि पाचाचा मुलगा. हे तिसरं ठरवून राहिलेलं नव्हतं. पण राहिल्यावर महादेवीनं मनातल्या मनात त्याला जागा करून दिली होती.

दुपारी सयाजीची जीप आली. गावभर फिरली आणि नेमकी त्यांच्या दारासमोर येऊन उभी राहिली. कर्ण्यातनं आवाज आला, "ज्यांच्या घरात तिसऱ्यांदा पाळणा बांधायची तयारी चाललीया, त्यांनी कायदा वाचावा!" इंजिन घरघरत राहिलं. महादेवी दाराच्या आड पोटावर हात ठेवून उभी होती. हे ह्यांना सांगितलं कुणी? नर्सबाईनं? की शेजारणीनं तिला ओकताना बघितलं? त्या दिवसापासून तिला अन्नाचा घास जाईना. पाण्याला गेली तरी बायका आपल्या पोटाकडंच बघतायत असं तिला वाटायचं.

संध्याकाळी मल्लेश खाली मान घालून म्हणाला, "सोमवारी निपाणीला जाऊन येऊ. डागदरशी बोललोय मी."

तिला कळायला क्षणभर वेळ लागला. तो पोट पाडायचं बोलत होता.

"मला न विचारता?"

"विचारून काय करू? रेशन जाईल, माझी नोकरी जाईल. दोन पोरं हायत, त्यांच्या तोंडात काय घालू?"

तिनं सासूकडं बघितलं. रत्नव्वा भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिलाही भीतीनं घेरलं होतं.

"अत्ती, तुम्ही तरी बोला की."

"मी अडाणी बाई, काय बोलू? छापून आलंय न्हवं?"

छापून आलंय. तेच महादेवीच्या डोक्यात बसलं. पत्रक सयाजीनं छापलं होतं, मग कायदा कुणी छापला, आणि तो कुठं बघायला मिळतो? शुक्रवारी ती ग्रामसेवकाकडं गेली. त्यानं आधी दाराबाहेर नजर टाकली आणि मग हळू आवाजात सांगितलं, "बाई, मला ह्यात वढू नका. कायदा बघायचा तर कोल्लापूरला जावा. माझं नाव घेऊ नका."

शनिवारी सकाळच्या यष्टीनं ती कोल्हापूरला निघाली. बालवाडीच्या कामाला जाते म्हणून मल्लेशला सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. सीपीआर दवाखान्यासमोरच्या कोर्टात शिरताना काळे कोट बघून तिला परत फिरावंसं वाटलं. पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर लावून बसलेल्या एका म्हाताऱ्यानंच तिला हाक मारली, "पावणं, कुणाला हुडकायलाय?"

त्याचं नाव आकाराम. वकिलांचे अर्ज टाइप करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तिनं पत्रक पुढं धरलं. म्हाताऱ्यानं चष्मा वर सारला, पत्रक दोनदा वाचलं आणि आत जाऊन कुण्या वकिलाच्या कपाटातनं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. पान काढून तिच्यापुढं ठेवलं.

"तुमी सोता वाचा. मी सांगितलेलं नगं."

ती बोट ठेवून वाचू लागली. शब्द दगडासारखे होते. आणि पहिल्याच ओळीला तिचं बोट थांबलं. पत्रकात होतं तेच वाक्य, शब्दाला शब्द. दोनपेक्षा अधिक अपत्ये. निरर्ह. म्हणजे सयाजी खोटं बोलत नव्हता. तिच्या डोळ्यांपुढं निपाणीचा दवाखाना आला, बाहेरचं बाकडं आलं. तिनं पुस्तक मिटायला घेतलं.

"थांबा की," आकाराम म्हणाला. "वाक्य संपलंय कुठं? टिंब दिसतंय का तिथं?"

टिंब नव्हतं. खाली वाक्य पुढं चाललं होतं. ‘परंतु’ म्हणून एक परिच्छेद होता आणि त्याच्याखाली ‘परंतु आणखी असे की’ म्हणून दुसरा. हा कायदा लागू झाल्यापासून एक वर्षाच्या आत, एकाच बाळंतपणात जन्मलेलं मूल ह्या कामासाठी मोजलं जाणार नाही. तिनं ते तीनदा वाचलं.

"लागू कधी झाला?"

"तेरा सप्टेंबर, दोन हजार. म्हंजे यंदाच्या बारा सप्टेंबरपातुर मुभा हाय." म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "तारीख कवाची दिलीया?"

"पाच सप्टेंबर."

म्हाताऱ्यानं बोटांवर दिवस मोजले. सात दिवसांचं अंतर होतं.

"आणि रेशन? ह्यांची नोकरी?"

"हुडका की."

तिनं कलम वरपासून खालपर्यंत हुडकलं, मागची आणि पुढची पानंही हुडकली. रेशनचा शब्द नव्हता. नोकरीचा नव्हता. तिथं फक्त पंचायतीच्या सदस्याचं बोलणं होतं. शेडमध्ये चार माणसं बघत असताना तिला रडू फुटलं. आकारामनं पानाची झेरॉक्स काढून आणली आणि देताना म्हणाला, "पर आक्का, पोरं कॅलेंडर बघून येत न्हाईत. जपून ऱ्हावा."

रविवार गावच्या बाजाराचा दिवस. चावडीसमोर सयाजीची सभा होती. महादेवीनं कागद मल्लेशला दाखवला होता, पण त्याला विश्वास बसत नव्हता. "सगळ्यांच्या म्होरं वाच," तो म्हणाला होता, "सयाजी काय म्हंतोय बघू." म्हणून ती गेली. 

सयाजीचं बोलणं चालू असतानाच ती म्हणाली, "पत्रकात अर्धाच कायदा छापलाय. उरलेला मी वाचतो."

"वकील झालीस व्हय गं?" सयाजी हसला. त्याची दोन माणसं तिच्या अंगावर येतायत अशी पुढं सरकली.  पहिली ओळ तिनं जवळजवळ पुटपुटलीच. दुसरी जरा मोठ्यानं वाचली. ‘परंतु’पासनं पुढं मात्र ती न थांबता शेवटापर्यंत वाचत गेली.

"तुला का एवढं झोंबलंय?" कुणीतरी मागनं ओरडलं.

हे सांगावं लागेल असं तिनं ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातनं निघून गेलं, "मला दिवस गेलेत. सप्टेंबरात हुईल."

 मग भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या विठाबाईनं खालनंच विचारलं, "आणि माझ्या सुनंचं रेशन? तिला तीन हायत. तिनं चार दिस झालं जेवाण सोडलंय."

"ह्यात रेशनचा शब्दच न्हाय, आजी. बघा."

विठाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग शेजारच्यानं घेतला, त्याच्या शेजारच्यानं. सयाजी कर्ण्याजवळ जाऊन म्हणाला, "ठीक हाय. तेरा सप्टेंबर लांब न्हाय." त्यानं आवाज चढवला नाही. त्यामुळंच तिच्या अंगावर काटा आला.

सोमवारी ते निपाणीला गेले नाहीत. महादेवी अकरा मतांनी निवडून आली.

पण भीती काही गेली नाही. ऑगस्ट संपल्यापासून ती रोज तारीख मोजत होती. पाच सप्टेंबर गेला. सहा, सात. कळांचा पत्ता नाही. सयाजीचा माणूस गावच्या दवाखान्यात नर्सबाईला रोज विचारून जायचा. आठ तारखेला महादेवी अंगण झाडून काढायला लागली, पाणी वाहायला लागली, रत्नव्वानं ओरडून थांबवलं. नऊला तिनं पोटातल्या जिवाला हात जोडले. ये की बाई. ये आता. जे मूल वाचवायला ती गावापुढं उभी राहिली, त्यालाच ती आता हाकलत होती, आणि ह्याचीही तिला भीती वाटत होती.

दहा तारखेला दुपारी, कागलच्या सरकारी दवाखान्यात, मुलगी झाली.

मल्लेशनं नोंदीच्या खिडकीवर तारीख तीनदा वाचून घेतली. पुढं सयाजीनं तक्रार केलीच. सुनावणी झाली, जन्माचा दाखला दाखवला, तक्रार निकालात निघाली. महादेवीनं पाच वर्षं पुरी केली.

पण त्या दुपारी मल्लेश पोरीला हातात घेईना. खाटेपासनं चार हात लांब उभा राहिला.

"घ्या की," महादेवी म्हणाली.

"निपाणीला मी बोललो हुतो," तो म्हणाला. "मी सोता बोललो हुतो."

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. अजून चिडायचं राहिलंच होतं. पण अंगात त्राण नव्हतं. तिनं पोरीला त्याच्या बाजूला थोडं सरकवलं आणि डोळे मिटून घेतले.