पाठकोरे कागद

आमच्या ह्यांच्या मते मी त्यांचं आयुष्य रद्दीत घातलं.

आयुष्य म्हणजे कागदांचा एक गठ्ठा. हे अंधेरीच्या कंपनीत होते तेव्हा चौघांनी मिळून एक कंप्युटर बनवला होता. त्याचा सगळा प्रोग्राम ह्यांनी लिहिलेला. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर तो छापला होता, आणि त्यातच सर्किटचे नकाशे. पुढे कंपनी बंद पडली, तिथलं सगळं भंगारात गेलं. मग ह्यांना आठवलं की एक प्रत आपण घरी आणली होती. माळा उपसला, ट्रंका उपसल्या, सापडली नाही.

"गिरगावातून मीरा रोडला आलो, तेव्हा तूच घातलंस रद्दीत," हे म्हणाले, आणि नऊ वर्षं म्हणतच राहिले. जावयासमोर, व्याह्यांसमोर, एकदा तर सत्यनारायणाच्या भटजींसमोर. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की घातलं असेल मीच.

गेल्या महिन्यात ह्यांच्या ओळखीतल्या परागचा फोन आला. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तोच कंप्युटर त्यांच्या कॉलेजच्या गोदामात सापडला होता आणि त्याला तो पुन्हा चालू करायचा होता. "ईश्वर सर, प्रोग्राम आणि नकाशे नसतील तर तो नुसता डबा आहे हो," तो म्हणाला. घर पुन्हा एकदा धुंडाळतो, असं म्हणून ह्यांनी त्याला रविवारी बोलावलं.

शनिवारी मी एक शेवटचा उपाय म्हणून आमच्या लेकीची, रुचिताची, शाळेची पेटी उघडली. तिच्या पाचवीच्या रफ वहीत एका बाजूला भागाकार होते आणि पानाच्या पाठीमागे तो प्रोग्राम.

मग सगळं आठवलं. नवीन मॉडेल आल्यावर जुना गठ्ठा ऑफिसात कुणालाच नको होता. ह्यांनी तो जपायला आणलाच नव्हता, फुकटचे पाठकोरे कागद म्हणून आणला होता. मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः बसून भोकांच्या कडा फाडायचे, पानं कापायचे आणि दाभणाने वह्या शिवायचे. भरलेल्या वह्या रद्दीवाल्याकडे नेऊन टाकायचे तेही हेच. ही एक कशी राहिली देव जाणे. पहिल्या पानावर ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कागद वाया घालवू नये. – बाबा.'

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षांनी माझी सुटका होणार होती.

रविवारी पराग आला, तेव्हा त्याच्यासमोरच वही ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी पानं उलटली, शिवणीवरून अंगठा फिरवला, पहिलं पान वाचलं. चेहरा उतरला. ह्यांना सगळं आठवलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

"हेच आहे, सर," पराग वहीवर वाकून म्हणाला. "बाकीचं कुठाय?"

"एवढंच वाचलं," हे म्हणाले. "बाकीचं हिने रद्दीत घातलं."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. "पहिलं पान वाचा," मी परागला म्हटलं.

त्याने वही घेऊन वाचलं, ह्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. पण तो कंप्युटर चालू करायला त्याला पुढे हेच लागणार होते.

"जाऊ द्या ना काकू," तो म्हणाला. "घरोघरी असंच होतं."

मी वही त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाल्कनीतल्या रद्दीवर नेऊन ठेवली. नऊ वर्षं ऐकून घेतलंय. एकदा खरं तरी होऊ दे.