त्रेसष्ट मालकांचा ब्रूनो

साडेनऊला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, जनावरांची डॉक्टर. ती फोनवर हॅलो म्हणत नाही, कारण तिचे पेशंट म्हणत नाहीत.

"माझ्यासमोर साठ किलोचा ससा बसलाय," ती म्हणाली. "आणि तो भुंकतोय."

"ससे भुंकत नाहीत," मी म्हणालो.

"मला माहितीय ससे भुंकत नाहीत. मी पाच वर्षं तेच शिकले. तुझ्या सॉफ्टवेअरला सांग."

मी तिची स्क्रीन माझ्याकडे उघडली. नाव: ब्रूनो. प्रकार: ससा. वजन: एक किलो आठशे ग्रॅम. आजवर घेतलेल्या लसी: तीनशे बारा. बाळंतपणं: सहा. नसबंदी: एकोणीस वेळा. आयुष्य फारच धावपळीत गेलेलं दिसत होतं.

आता हे माझ्यामुळे झालं होतं, हे मला तिसऱ्या सेकंदालाच कळलं. उरलेला वेळ मी दुसऱ्या कुणामुळे झालंय का ते बघण्यात घालवला.

ताईच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, आणि त्यातला डेटाबेसशी बोलायचा भाग माझा. आमच्या धंद्यात डेटाबेसशी थेट कुणी बोलत नाही. मध्ये एक मध्यस्थ असतो, त्याला डेटा कॉन्टेक्स्ट म्हणतात. आपण म्हणायचं, अमुक प्राणी दे. तो आत जातो, तक्त्यांतल्या ओळी गोळा करतो आणि बाहेर येताना अख्खा प्राणी घेऊन येतो. गुणी आहे, पण येतं मोजकंच: शोध, घाल, पूस, जतन कर. त्याला नवं काही शिकवायचीही सोय नाही. त्याचा कोड एक अवजार आपोआप लिहितं, आणि तक्त्यात एक रकाना वाढला की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहितं. तुम्ही मायेने आत घातलेल्या चार ओळी सकाळी असतात, दुपारी नसतात.

म्हणून एक्स्टेन्शन मेथड, म्हणजे कॉन्टेक्स्टला बाहेरून जोडलेलं नवं कसब. ती लिहायची बाहेर, आपल्या वेगळ्या फाइलमध्ये, पण हाक अशी मारायची की जणू ती कॉन्टेक्स्टच्याच पोटी जन्माला आली. दोन घरं सोडून राहणारा भाचा रोज आपल्याकडे जेवतो तसं. ताट आपलं, पत्ता त्याचा.

मला या मेथडचा नाद लागला. त्यात कंपायलर, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा, देवनागरी नावं मुकाट्याने गिळतो हे कळल्यावर तर मी सुटलोच. 'आणूनदे'. 'हळूचपूस'. 'पुन्हाएकदाबघ'. पंधरवड्यात एकेचाळीस झाल्या. त्यातली लाडकी होती 'शोधकिंवाघाल'. तिला प्राण्याचं नाव द्यायचं. त्या नावाचा प्राणी आधीच असेल तर ती त्याच्या नोंदीत नवी माहिती भरते, नसेल तर नवा प्राणी घालते. दवाखान्यातली वीस वर्षांची कागदी कार्डं टंकून झाल्यावर ती सगळी माहिती मी याच मेथडमधून आत ढकलली.

चाचणी केली होती. मी चाचणीशिवाय काही करत नाही. चाचणीसाठी बारा प्राणी तयार केले होते: 'उपाध्यक्ष' नावाचं कासव, 'सेवानिवृत्त' मांजर, 'हरकत' पोपट, 'तात्पुरता' बोकड, असे. बाराच्या बारा बिनचूक आत गेले. दोन प्राण्यांचं नाव एकच असू शकतं हे माझ्या मनाला शिवलंच नाही. नाव ठेवताना माणूस थोडा तरी विचार करतो, असा माझा समज होता.

गावात त्रेसष्ट ब्रूनो निघाले.

माझ्या मेथडने त्रेसष्टांचा एक केला. शेवटचं कार्ड सशाचं होतं, म्हणून सगळे ससा झाले.

"कार्डं कुठायत?" मी ताईला विचारलं.

"लगद्यात. गेल्या आठवड्यात. 'कार्डांची आता काहीही गरज नाही' असं तूच लिहून दिलंस. पुढे उद्गारचिन्ह होतं."

होतं. दोन होती.

"गाढव म्हणणार होते तुला," ती म्हणाली, "पण गाढवं माझे पेशंट आहेत. आता नीट ऐक." आणि तिचा आवाज डॉक्टरचा झाला. समोरच्या ब्रूनोने मोजा गिळला होता. कुत्रा म्हातारा, दोन दिवस अन्नाला तोंड नाही, पोट घट्ट. अकरापर्यंत ऑपरेशन टेबलावर घ्यायलाच हवं. भूल द्यायची औषधं तिच्याकडे दोन. पहिलं हृदयाला सोपं. दुसरं भारी, आणि या कुत्र्याचं हृदय आधीच कुरकुरत होतं. "पहिलंच द्यायचंय मला. पण तुझ्या नोंदीत लिहिलंय: 'या औषधाने तोंड सुजले, पुन्हा देऊ नये.' चार वर्षांपूर्वीची तारीख आहे. हे कुठल्या ब्रूनोचं?"

"मालकांना विचार ना."

"विचारलं. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आहेत. म्हणतात, तेव्हा कुत्र्याला त्यांची बायको आणायची. ती आता नाही. आता घरात दोघंच, हे आणि कुत्रा. बाहेर बसलेत. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघतात आणि मनगटावर घड्याळ नाहीये."

मी फोन ठेवला आणि 'ब्रूनोवेगळेकर' नावाची नवी मेथड लिहायला घेतली. घाबरलो की मी मेथड लिहितो.

पाठीमागे बाई येऊन उभ्या होत्या. बाई म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख. त्यांनी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही, पण त्या मागे उभ्या राहिल्या की आपोआप पाठ ताठ होते.

"काय करतोयस?"

मी सांगितलं. बाईंनी 'शोधकिंवाघाल' उघडून वरपासून खालपर्यंत वाचली.

"सुरेख लिहिलीयस," त्या म्हणाल्या. "फक्त चूक आहे."

"हो बाई."

"प्राणी नावावरून ओळखतोस तू? या मजल्यावर तुझ्या नावाचे चौघं आहेत. उद्या तिघांच्या दाढा तुझ्या तोंडात बसवल्या तर चालेल?"

"नाही बाई."

"नव्या मेथडचं नंतर बघू. आधी सांग, काय कशात मिसळलेलं नाही?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. प्राण्याची ओळ एकच होती आणि ती बिघडली होती, पण भेटींच्या ओळी मेथडने एकाखाली एक नुसत्या जोडल्या होत्या. प्रत्येक भेटीत तारीख होती, वजन होतं, आणणाऱ्याचा फोन नंबर होता. नंबरनुसार भेटी वेगळ्या केल्या की ब्रूनो आपोआप सुटे होणार. त्याला कॉन्टेक्स्टच्या जन्मजात अकलेतली एक ओळ पुरली. माझ्या एकेचाळीस मेथडपैकी एकीचीही गरज पडली नाही, हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांना दिसत होतं.

तोंड सुजल्याची सूचना मात्र प्राण्याच्या ओळीत होती, तिला नंबर नव्हता, फक्त तारीख. त्या तारखेला लसीकरणाचं आणि नसबंदीचं शिबिर होतं. त्या एका दिवशी नऊ ब्रूनो येऊन गेले होते. आजोबांच्या घरचा नंबर त्यात होता.

"नोंदीत औषध किती लिहिलंय?" बाईंनी विचारलं. "दीड मिलिलिटर? मोठ्या कुत्र्याला एवढंसं देतील का?"

मी आनंदाने ताईला फोन लावला. "दीड म्हणजे पंधरा किलोचं जनावर ना? आजोबांचा तेव्हाही सत्तावन्न किलो होता. म्हणजे तो नाही!"

"सूज दिसली की मी सुई मध्येच थांबवते," ताई म्हणाली. "हत्तीलाही दीडच गेलं असतं. अंदाज नको, माणूस शोध. दहा वाजून पाच झालेत."

नवांतून आजोबा वजा. आठ फोन. बाईंनी खुर्ची ओढली आणि चार नंबर स्वतःकडे घेतले.

पहिले गृहस्थ म्हणाले, "तोंड सुजलं होतं का? साहेब, बुलडॉग आहे. सुजलेलंच आणलंय."

दुसऱ्या म्हणाल्या, "कुठला ब्रूनो? आमच्याकडे दोन आहेत. थोरला आणि धाकटा." मी डोकं टेबलावर ठेवलं. नंबरवरूनही प्राणी ओळखता येत नव्हता. त्यांनी दोघांनाही विचारून सांगते म्हटलं. कसं विचारलं ठाऊक नाही, पण उत्तर नाही असं आलं.

तिसरे म्हणाले, "ब्रूनो गेला हो मागच्या वर्षी," आणि मग तो कसा झोपायचा ते सांगायला लागले. दहा वाजून अठरा मिनिटं. मध्येच तोडणं जमेना. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, "फार गुणाचा होता हो, तोंड सुजलं होतं का कधी?" असं एका दमात विचारलं, 'नाही' हे उत्तर घेतलं आणि ठेवला. मला हे दहा वर्षांतही जमणार नाही.

बाईंच्या वाट्याचे तिघे नाही म्हणाले, एक उचलत नव्हते. शेवटी माझ्या चौथ्या नंबरावर एक मावशी बसमध्ये होत्या. मला ओरडावं लागलं.

"तुमच्या ब्रूनोचं तोंड सुजलं होतं का? चार वर्षांपूर्वी? दवाखान्यात?"

"सुजलं होतं का म्हणजे?" त्याही ओरडल्या. "भोपळा झाला होता! डोळे दिसत नव्हते! आम्ही अजून हसतो. फोटो आहे, पाठवू?"

"पाठवा!"

"पण तुम्ही कोण?"

"मी डॉक्टरांचा भाऊ!"

फोटो आला. एक मध्यम आकाराचा तपकिरी कुत्रा, तोंडाच्या जागी खरोखर भोपळा, चेहऱ्यावर अपमान. खाली तारीख, तीच. कोपऱ्यात एक हात कुत्र्याच्या मानेवर. मी तो ताईला पुढे पाठवला. अर्ध्या मिनिटात तिचं उत्तर आलं:

"हात माझा आहे. अंगठ्यावर पोपट चावल्याची खूण बघ. मिळाला. आता पहिलंच औषध देते."

पावणेअकरा झाले होते. पुढचा दीड तास मी काहीही टंकलं नाही. बाईंनी न विचारता माझ्यासमोर चहा ठेवला. तसा त्या कधी ठेवत नाहीत, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

सव्वाबाराला फोन वाजला.

"निघाला," ताई म्हणाली. "राखाडी, लोकरीचा. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत चाललं. आत्ता मान उचलून आजोबांच्या चपलेकडे बघतोय, ती मी उचलून ठेवलीय."

"आजोबा?"

"आजोबा मला म्हणाले, मोजा धुऊन द्याल का."

मी हसलो. मग मला जरा बाहेर जाऊन यावं लागलं. चहा कडक होता.

परत आलो तर बाईंनी 'शोधकिंवाघाल' बदलून ठेवली होती. आता तिला नाव पुरत नव्हतं. प्राण्याचा स्वतःचा क्रमांक मागत होती, आणि तो नसेल तर काहीही न करता मोठ्याने तक्रार करत होती. देवनागरी नाव मात्र त्यांनी तसंच ठेवलं होतं.

"आता हे बासष्ट," त्या म्हणाल्या. "एकेकाला फोन करायचा, वजन, जात, मालक विचारून घ्यायचं आणि हाताने भरायचं."

"बाई, यासाठी एक छोटीशी मेथड—"

"हाताने."

मी चार दिवस फोन केले. गावात ब्रूनो नावाची दोन मांजरं आहेत, एक बकरी आहे आणि एक कासव आहे, ज्याच्या मालकाला ते कुत्र्यासारखं वागेल अशी आशा होती. एकोणसाठाव्या फोनवर एक काकू आल्या.

"ब्रूनोबद्दल बोलायचं होतं," मी म्हणालो. "जात काय आहे?"

"कुणाची?"

"ब्रूनोची. दवाखान्यात नोंद आहे. कुत्रा का मांजर?"

"अहो, ब्रूनो हे आमचे," काकू म्हणाल्या. "ह्यांना घरात सगळे ब्रूनोच म्हणतात. मांजराचं नाव वेगळं आहे. कार्ड लिहिताना मांजराच्या जागी ह्यांचं नाव गेलं असेल. पण जंतांचं औषध कुणाच्या नावावर आहे?"

"ब्रूनोच्या. दर तीन महिन्यांनी."

"ते घरीच द्यायचं असायचं. पुडीवर नाव लिहिलेलं यायचं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी आपली नाव बघून देत होते."

मी विचारलं, "मग आता, तब्येत कशी आहे त्यांची?"

"उत्तम," काकू म्हणाल्या. "पुढची पुडी कधी मिळेल?"