बारावी सेवा

माझा धाकटा भाऊ एका सल्लागार कंपनीत आहे. दुसऱ्यांच्या धंद्यात कुठे काय चुकतंय हे तो त्यांना सांगतो आणि त्याबद्दल त्याला घसघशीत पगार मिळतो. सुट्टीच्या दिवशी तो तरुण व्यावसायिकांच्या सेवामंडळाचा अध्यक्ष असतो. तिथे हेच काम तो फुकट करतो. वकील, आर्किटेक्ट, बँकवाले, दोन डॉक्टर, सगळे तिशीच्या अलीकडचे-पलीकडचे आणि सगळ्यांच्या अंगात नारिंगी टी-शर्ट. वर्षाला बारा सेवा करायच्या असा त्यांचा नेम. त्यांनी रस्त्याकडेला झाडं लावली, मग पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. शाळेच्या भिंती रंगवल्या त्या नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, मुलं नाकाला रुमाल लावून पेपर लिहीत होती. अनाथाश्रमात बूट वाटले ते सगळे एकाच मापाचे, कारण घाऊक घेतले की स्वस्त पडतात. मी कवळ्या बनवते. आधी तोंडाचं माप घ्यायचं आणि मग दात बसवायचे, एवढं तरी मला कळतं. पण हे सगळं लांबून चाललं होतं तोवर मी हसून सोडून द्यायची.

मग बारावी सेवा आमच्या आत्याच्या घरी आली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर आम्हा दोघांना तिनंच वाढवलं, तेही टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटरची नोकरी सांभाळून. आम्ही आपापल्या वाटेला लागलो, ती निवृत्त झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहायला लागली. तिला ते भलतंच मानवलं. ‘जन्मभर कानात लोकांची बडबड, घरी तुमची भांडणं,’ ती म्हणायची. ‘आता कसं, घड्याळाची टिकटिकसुद्धा मला विचारून होते.’ मी चार वेळा आमच्याकडे ये म्हटलं. दर वेळी तिनं मला उडवून लावलं.

तिच्या दोन खोल्या निवृत्त टेलिफोनवाल्यांच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. वसाहतीचा नियम साधा होता. एकट्या माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर घरचं कुणीतरी सोबत राहिलं पाहिजे. तेही नसेल तर खोल्या खाली करायच्या आणि मागच्या इमारतीतल्या शुश्रूषागृहात जायचं, जिथे आठ-आठ कॉट एका खोलीत आणि टीव्ही सकाळपासून चालू. आत्या त्या इमारतीच्या दारावरून जाताना पावलं उचलून चालायची.

आणि आत्याची नजर गेली होती. थोडी नाही, पार गेली होती. हे मला माहीत होतं, तिच्या डॉक्टरांना माहीत होतं. भावाला ‘जरा कमी दिसतं’ एवढंच माहीत होतं. तो घरात शिरला की ती उठून चहा टाकायची, कप बरोबर त्याच्या हातात द्यायची आणि वर म्हणायची, ‘किती वाळलास रे सोन्या!’ तो खूश. साखर चेपलेल्या डब्यात, मीठ रबरबँड लावलेल्या बाटलीत, काडेपेटी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, खुर्ची दाराशी डाव्या हाताला. तिचा हात जिथे जायचा तिथे ती वस्तू असायचीच.

शनिवारी दुपारी वसाहतीच्या तपासनीस बाई येणार होत्या. आत्याला घाबरण्याचं कारण नव्हतं. नियमात डोळ्यांबद्दल अक्षरही नव्हतं. करून दाखवायचं होतं, आणि ते ती झोपेतसुद्धा करून दाखवू शकली असती.

शुक्रवारी भावाचा फोन आला. ‘ताई, उद्या सकाळी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने ना. गाडी मी पाठवतो.’ मला भरून आलं. म्हटलं, चला, सुधारला.

आम्ही दुपारी परत आलो तर जिन्यातच रंगाचा वास. दार सताड उघडं आणि आत नारिंगी टी-शर्टांची गर्दी. भाऊ मधोमध, हात पसरून. त्यांच्यात अशी पद्धत आहे की ज्याची सेवा करायची त्याला आधी सांगायचं नाही. त्याला बाहेर काढायचं, आणि तो परत आला की त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायचा. एक फोटोवाला गुडघ्यावर बसून आनंदाची वाट बघत होता.

‘आत्या, बघ!’ भाऊ म्हणाला.

आत्या उंबऱ्यात उभी राहिली. तिनं मान हळूहळू वळवली, हसली आणि म्हणाली, ‘अरे वा! सोन्या, केवढा खर्च केलास रे!’ तिला दिसत होता फक्त काळोख. मग सवयीनं डाव्या हाताला खुर्चीवर टेकायला गेली. खुर्ची तिथे नव्हती. मी दंड धरला म्हणून वाचली. फोटोवाल्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

मी स्वयंपाकघरात धावले. भिंती पांढऱ्याशुभ्र. ओटा रिकामा. वरच्या फळीवर एकसारख्या काचेच्या बरण्या, एकाच उंचीच्या, एकाच झाकणाच्या, आणि प्रत्येकीवर टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी: साखर, मीठ, चहा.

‘अक्षरं मुद्दाम मोठी घेतली,’ आर्किटेक्ट बाई मला म्हणाल्या. ‘त्यांना कमी दिसतं ना.’

‘जुने डबे कुठेत?’

‘ते गंजके? कचऱ्याच्या गाडीत दिले. गेली गाडी.’

मी भावाला दंडाला धरून बाल्कनीत ओढलं. ‘कुणी सांगितलं होतं तुला हे उपद्व्याप करायला?’

‘तपासनीस येणार आहे म्हणून तर केलं! घर नीटनेटकं दिसलं की चांगलं मत होतं माणसाचं. तुला कशाचं कौतुकच नाही, ताई.’

मी पुढचं बोलणार तोच बेल वाजली.

तपासनीस बाई पन्नाशीच्या, बोलायला मऊ. नारिंगी मंडळी भिंतीला लागून उभी राहिली, जायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी आत्याला चार गोष्टी विचारल्या, औषधं कुठली, दार कोण उघडतं, वगैरे. मग म्हणाल्या, ‘मला घोटभर चहा कराल? मदत कुणी करायची नाही हं.’ आणि माझ्याकडे बघितलं.

आत्या उठली. भिंतीला बोटं लावत ओट्याशी गेली. भांडं मिळालं, पाणी मिळालं. उजव्या कोपऱ्यात हात गेला. कोपरा रिकामा. हात पुढे सरकला, मागे आला, पुन्हा गेला. सगळी खोली त्या हाताकडे बघत होती.

‘आत्या, अगं ती काय समोर, फळीवरच्या ट्रेमध्ये,’ भाऊ म्हणाला. ‘लिहिलंय बघ, काडेपेटी.’

आत्याचा हात थांबला. तिची पाठ आमच्याकडे होती, पण मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. भावानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा त्याला कळलं.

चाचपडत तिनं काडी ओढली, गॅस लावला. शेगडीच्या बाजूला मंडळींनी नवा खिळा ठोकला होता आणि त्यावर मंडळाचं चिन्ह छापलेला करकरीत नॅपकिन लावला होता. आत्यानं भांडं ठेवताना त्याला कोपर लागलं. टोक ज्योतीत गेलं.

‘काहीतरी जळतंय,’ आत्या म्हणाली, अगदी शांतपणे, आणि ते शोधायला तिनं जाळातच हात घातला.

बाईंनीच गॅस बंद केला, नॅपकिन मोरीत फेकला आणि आत्याची बोटं नळाखाली धरली. मी ओरडत होते. सकाळपर्यंत इथे सगळं वेगळं होतं, हिला सगळं येतं, या शहाण्यांनी घर उलटंपालटं केलं, असं बरंच काही. बाईंनी ऐकून घेतलं.

‘मला पटतंय,’ त्या म्हणाल्या. ‘पण वस्तू कधीतरी कुणीतरी हलवणारच ना? नळवाला येईल, शेजारीण येईल. तेव्हा जाळ लागला तर? वर-खाली माणसं राहतात.’

बाईंचं खरं होतं, आणि त्याचा मला आणखी राग आला. महिनाअखेरपर्यंत खोल्या खाली करायच्या, असं सांगून त्या गेल्या. नारिंगी मंडळी एकेक करत जिना उतरली. कुणीतरी जाताना ‘सॉरी’ म्हणालं, बहुतेक भिंतीला.

भाऊ राहिला. तो जे पहिलं वाक्य बोलला ते मी त्याला कधी माफ करणार नाही. ‘मला आधी सांगायचं ना, आंधळी आहे म्हणून.’

‘तू विचारलंस कधी? महिन्यातून एकदा यायचास, चहा ढोसायचास नि घड्याळ बघत पळायचास!’

‘मग काय करायचं आता? तिकडे नर्स असते, डॉक्टर असतो. एका परीनं बरंच होईल तिला.’

‘तू राहा की इथे. भाड्याच्या घरात एकटा तर पडलेला असतोस. माझ्याकडे नवरा, दोन पोरं, सासूबाई. त्यांना घेऊन या दोन खोल्यांत कुठे घुसू?’

‘ताई, मला माझं आयुष्य आहे.’

‘आणि हिला नाही?’

आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसून बोटांना मलम लावत होती. दार उघडंच होतं. तिनं सगळं ऐकलं.

सेवावर्षाचा समारोप पुढच्याच आठवड्यात होता. मला वाटलं, आता तरी लाज वाटून हे बारावी सेवा गाळतील. कसली लाज! मंडळाच्या सगळ्या शाखांमधून एकीला वर्षाचं पारितोषिक द्यायचं होतं, परीक्षक बाहेरून येणार होते आणि अकरा सेवा म्हणजे एक कमी. फोटो सुंदर आले होते. भाऊ आत्याला बोलवायला आला तेव्हा त्याची मान खाली होती, पण आला. त्यांच्यात समारोपाला शेवटच्या सेवेतल्या माणसाला मंचावर नेतात. तो अध्यक्षाकडे एक मागणं मागतो, अध्यक्ष छातीवर हात ठेवून ‘मान्य’ म्हणतो आणि सभागृह उठून उभं राहतं. मागणं आधीच ठरलेलं असतं. गेल्या साली एका वृद्धाश्रमानं चाकाची खुर्ची मागितली, ती पडद्यामागे तयार होती.

‘तू रेडिओ माग, आत्या,’ भाऊ म्हणाला. ‘चांगल्यातला आणलाय.’

‘बरं,’ आत्या म्हणाली.

तो गेल्यावर मी तिच्यावर उखडले. ‘तू जाणार? त्यांच्या टाळ्या खायला?’

‘तूही चल,’ ती म्हणाली. ‘माझी ती निळी शाल इस्त्री करून ठेव.’

सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर आत्याचं स्वयंपाकघर झळकलं. मग उंबऱ्यातल्या आत्याचा फोटो आला, डावा हात हवेत, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं, ‘आनंदाचा क्षण’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा हात इतका आवळला की माझी बोटं दुखायला लागली.

मी आत्याला मंचावर नेलं. भावानं माइक तिच्या हातात दिला. तिनं जन्मभर अनोळखी माणसांशी बोलण्यात घालवलं होतं. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

‘नमस्कार. मी रेडिओ मागायचा असं ठरलंय.’

लोक हसले. भाऊही हसला, जरा उशिरा.

‘तो मला नको. तुम्ही फोटो दाखवलात, पण मला तो दिसला नाही. मला काहीच दिसत नाही. माझ्या पोरानं माझं घर इतकं सुंदर केलं की मला त्यात काडेपेटी सापडेना, आणि माझं घर मला आता सोडायला सांगितलंय.’ तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. ‘घरचं माणूस सोबत राहिलं तर सोडावं लागणार नाही. तर माझं मागणं असं, की सोन्या, तू माझ्याकडे राहायला ये.’

पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि बघता बघता सभागृह उभं राहिलं. अध्यक्षानं अजून काही म्हटलेलंच नव्हतं. भाऊ माझ्याकडे बघत होता, वर्गात पकडलेल्या पोरासारखा. मी त्याला मुळीच मदत केली नाही. त्यानं छातीवर हात ठेवला.

‘मान्य,’ तो म्हणाला.

पारितोषिक त्यांनाच मिळालं.

महिना संपायच्या आत तो दोन बॅगा घेऊन वसाहतीत आला. मी सुट्टी टाकून आले होते, खरं सांगायचं तर मजा बघायला. तपासनीस बाईंनी कागदावर सही केली आणि त्याला शाबासकी देऊन गेल्या. तो बाहेरच्या खोलीत बॅगा उघडून बसला. त्याचा फोन वाजत होता, तो कुणाला तरी सांगत होता की हो, आजपासून, नाही, तसं काही नाही. मधेच त्यानं खुर्ची सरकवली आणि आत्यानं आतून आवाज दिला, ‘होती तिथे ठेव.’ त्यानं निमूटपणे ठेवली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला मिठीच मारली. ‘काय नामी जिरवलीस गं त्याची!’ मी म्हणाले. ‘आता बस म्हणावं. वर्षभर तरी हलत नाही तो.’

तिनं माझे हात सोडवले. बाहेर त्याचा फोन पुन्हा वाजला, पाठोपाठ नळ सुटला, दार आपटलं. प्रत्येक आवाजाला ती मान तिकडे वळवत होती.

‘हसू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला एकटीला राहायचं होतं.’

नळ बंद झाला. तो दारात उभा होता, ओल्या हातांनी. टॉवेल कुठे आहे ते विचारायला आला असावा, पण त्यानं विचारलं नाही.